थंडीत पातळ, उन्हाळ्यात धूसर: खान्देशात वेगवान कृष्णधवल फिल्म

प्रश्न थोडक्यात असा: सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत, घोड्यांच्या बाजारात, रात्री इल्फर्डच्या एचपी५ प्लसचे (४०० वेगाची कृष्णधवल फिल्म) दोन रोल कॅमेरा १६०० वर लावून काढले आणि जानेवारीत एका सकाळी घरीच आयडी-११ या डेव्हलपरमध्ये १४-१४ मिनिटं डेव्हलप केले. पहिला रोल अगदी पातळ आला, सावल्यांत काहीच नाही, कडेचे आकडेही फिके. दुसरा रोल वापरण्याआधी मागच्या उन्हाळ्यापासून कपाटात पडून होता. तो सगळीकडून राखाडी निघाला, आणि छिद्रांपाशी काळसर पट्टे. आता होळीला नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावाला जायचं आहे, तर इल्फर्डचीच जास्त वेगवान डेल्टा ३२०० घ्यावी की एचपी५ पुन्हा पुश करावी, म्हणजे जास्त वेगावर लावून जास्त वेळ डेव्हलप करावी?

होळीचं नंतर बघू. आधी या दोन निगेटिव्ह वाचून घेऊ, कारण त्यात झालेल्या चुका दुरुस्त केल्याशिवाय कुठलीही महागडी फिल्म घेऊन उपयोग नाही.

पहिला रोल उजेडावर धरा आणि फोटो सोडून कडेचे नंबर बघा. फ्रेमचे आकडे आणि फिल्मचं नाव कारखान्यातच उजेडाने छापलेलं असतं, तुमच्या कॅमेऱ्याशी त्याचा संबंध नाही. आकडे काळेभोर आणि फ्रेम रिकामी असेल, तर डेव्हलपिंग ठीक झालंय, उजेड कमी पडला. आकडेच फिके असतील तर घोळ डेव्हलपिंगच्या टाकीत झाला. तुमचे आकडे फिके आहेत. जानेवारीची सकाळ, गच्चीवरच्या टाकीचं पाणी आणि हाताशी थर्मामीटर नाही, एवढं कळल्यावर कारण शोधायला लांब जायला नको. खान्देश म्हटलं की सगळ्यांना मे महिन्यातला ४५ अंशांचा पारा आठवतो. पण थंडीत रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो आणि सकाळी त्या टाकीचं पाणी १५-१६ अंशांवर असतं, ते कुणी मोजत नाही.

हिशेब करून बघा. पातळ न केलेल्या आयडी-११ मध्ये २० अंशांना एचपी५ ची वेळ ४०० साठी साडेसात मिनिटं, ८०० साठी साडेदहा आणि १६०० साठी १४. इल्फर्डच्या तापमानाच्या तक्त्यात २० अंशांची ४ मिनिटं १६ अंशांना ६ होतात, आणि २३ अंशांना ३. म्हणजे १६ अंशांच्या पाण्यात तुम्हाला १४ च्या दीडपट, २१ मिनिटं हवी होती. तुमची १४ मिनिटं २० अंशांवरच्या सव्वानऊ मिनिटांएवढीच भरली. रोल काढला १६०० वर आणि डेव्हलप झाला ८०० च्याही अलीकडे. शिवाय आयडी-११ मधलं हायड्रोक्विनोन थंडीत फारच सुस्तावतं, १२-१३ अंशांखाली तर ते जवळपास काम सोडूनच देतं. त्यामुळे फार थंड पाण्यात नुसती वेळ वाढवूनही भागत नाही, पाणी कोमट करून घ्यावंच लागतं.

पण पूर्ण २१ मिनिटं दिली असती तरी घोड्यांच्या पायाखालच्या सावल्या आल्या नसत्या. पुश या शब्दाने इथे बरीच फसगत होते. ४०० ची फिल्म १६०० वर लावली म्हणजे ती वेगवान झाली असं नाही, आपण तिला दोन स्टॉप कमी उजेड दिला एवढंच (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). जास्त वेळ डेव्हलप केल्याने जिथे उजेड पोचला होता तिथली चांदी आणखी काळी होते, म्हणून उजळ भाग आणि चेहरे वर उचलले जातात. जिथे उजेड पोचलाच नाही तिथे डेव्हलपरला काळं करायला काही सापडत नाही. सावल्यांत फार तर अर्ध्या स्टॉपचा फायदा मिळतो, तोही मायक्रोफेन किंवा डीडी-एक्ससारख्या फेनिडोन गटातलं रसायन असलेल्या डेव्हलपरमध्ये. पुश केलेला रोल म्हणून कडक दिसतो: सावली कोरी, दिवे पांढरेफटक, आणि मधल्या छटांना जागा थोडीच.

दुसऱ्या रोलचं कारण वेगळं. राखाडीपणा नुसता एका कडेला असता तर चेंजिंग बॅगमध्ये (अंधारात फिल्म हाताळायच्या पिशवीत) किंवा कॅमेऱ्यात उजेड शिरला असं म्हटलं असतं. दोन फ्रेमच्या मधली पट्टीही राखाडी आहे, तर ते उष्णतेचं आणि वयाचं धुकं. फिल्म जितकी वेगवान तितकी ती कपाटात लवकर म्हातारी होते. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीतलं कपाट म्हणजे भट्टीच. कुरिअरच्या गोदामात आणि दुपारी उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीतही तेच होतं. म्हणून एप्रिल-मे मध्ये फिल्म मागवू नये. थंडीत मागवावी, डबीसकट घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावी, आणि वापरायच्या आदल्या रात्री डबी न उघडता बाहेर काढून ठेवावी. लगेच उघडली तर थंड फिल्मवर दव धरतं. काढलेला रोलही महिना-महिना ठेवू नका. वेगवान फिल्मवरची न डेव्हलप झालेली प्रतिमा लवकर विरते, आणि सगळ्यात आधी विरतात त्या सावल्या. दत्तजयंतीचे रोल जानेवारीपर्यंत थांबायला नको होते.

छिद्रांपाशीचे पट्टे मात्र हाताने केलेले आहेत. टाकी सतत जोरात हलवली की डेव्हलपर छिद्रांतून फवाऱ्यासारखा निघतो आणि तेवढा भाग जास्त काळा होतो. सुरुवातीच्या १० सेकंदांत टाकी चार वेळा उलटीसुलटी करायची, बुडबुडे सुटावेत म्हणून ओट्यावर हलकेच आपटायची, आणि पुढे दर मिनिटाच्या पहिल्या १० सेकंदांत पुन्हा चार वेळा. बाकी वेळ तिला हात लावायचा नाही.

आता काठीची होळी.

डेल्टा ३२०० या नावातला ३२०० हा तिचा खरा वेग नाही. इल्फर्डच्याच मापाने ती साधारण १००० ची फिल्म आहे. ती मऊ बनवलेली असते, म्हणजे पुश केल्यावर कडक न होता माणसांत राहते, आणि आपण पैसे मोजतो ते याच गुणासाठी. कोडॅकच्या टी-मॅक्स पी३२०० चंही तसंच, तिच्या नावातला पी पुशचाच. (ती १९८८ मध्ये आली, २०१२ मध्ये बंद झाली आणि २०१८ मध्ये परत आली. मिळाली तर तीही चालेल, ग्रेन, म्हणजे फोटोतला दाणा, थोडा जास्त कोरडा आणि टोकदार वाटेल.) म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आगीच्या उजेडासाठी डेल्टा ३२०० घ्या, पण १६०० वर लावा. मायक्रोफेनमध्ये २० अंशांना तिची १६०० ची वेळ ८ मिनिटं आणि ३२०० ची ९ मिनिटं. डेव्हलप ९ मिनिटंच करा. निगेटिव्ह जरा भरीव येईल, स्कॅनलाही बरी आणि प्रिंटलाही. यात एक खाच आहे: रोलच्या धातूच्या डबीवरचा डीएक्स कोड (फिल्मचा वेग सांगणारे चंदेरी-काळे चौकोन) वाचून ऑटोमॅटिक कॅमेरा स्वतःच ३२०० लावतो. हाताने १६०० वर आणायला विसरू नका. एचपी५ असेल तर तोच कॅमेरा तिला ४०० धरतो.

एचपी५ ही वाईट निवड नाही, डेल्टापेक्षा ती बरीच स्वस्त पडते. तीच घ्यायची तर १६०० च्या वर जाऊ नका, आणि आयडी-११ ऐवजी मायक्रोफेन वापरा. त्यात १६०० ला ११ मिनिटं. ३२०० ची १६ मिनिटंही तक्त्यात आहेत, पण सावळे चेहरे, अंधार आणि राखेची पांढरी नक्षी एकाच फ्रेममध्ये असताना तो पर्याय मी सुचवणार नाही.

काठीला प्रकाशाचे तीन वेगळे प्रहर मिळतात. राजवाडी होळी पहाटे पेटते. त्याआधी रात्रभर ढोल आणि नाच, तेव्हा उजेड म्हणजे इकडचेतिकडचे दिवे. मग होळी पेटली की पाच मिनिटांत उजेड कित्येक स्टॉपने वर जातो. आणि तासाभरात उजाडायला लागतं. एकच मोजमाप रात्रभर चालवणारा माणूस तिन्हीपैकी दोन ठिकाणी चुकणार हे नक्की.

उजेड मोजायचा मीटर ज्वाळेकडे कधीही रोखू नका. आग फ्रेममध्ये असली की मीटरला वाटतं भरपूर उजेड आहे, आणि बुध्याच्या (व्रत घेऊन, अंगावर राखेची नक्षी काढून नाचणाऱ्याच्या) चेहऱ्याच्या जागी मोरपिसांच्या टोपाची नुसती आकृती उरते. आगीपासून नाचणारे जितके लांब आहेत तितकंच लांब उभे राहा, आपला तळहात आगीकडे करा, मीटर फक्त तळहातावर धरा. तळहात मधल्या राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून जे मोजमाप येईल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त उघडा. आगीचा उजेड लालसर असल्याने जुने मीटर त्याला भुलून जास्त उजेड दाखवतात, तेव्हा आणखी अर्धा स्टॉप द्या. मीटर नसेलच तर आगीजवळच्या चेहऱ्यांसाठी १६०० ला एफ/२ आणि सेकंदाचा साठावा भाग इथून सुरुवात करा. होळी ऐन भरात असताना त्याहून एक-दोन स्टॉप बंद करावं लागेल, कडेला उभ्या लोकांसाठी एक उघडावं लागेल. अंगावरच्या राखेच्या ठिपक्यांची काळजी करू नका, ते कसेही पांढरे येणारच. सांभाळायची ती मधली त्वचा. आणि फ्लॅश नको. एक तर आगीचा सगळा उतार सपाट होतो, दुसरं म्हणजे बावा-बुध्या बनलेली माणसं व्रत पाळून आलेली असतात, त्यांच्या तोंडावर लखलखाट करणं शोभत नाही.

पेटण्याआधीच्या अंधारात ट्रायपॉड लावून होळीचा उभा बांबू टिपायचा असेल, तर लांब वेळेला फिल्म मंदावते हे लक्षात ठेवा. डेल्टा ३२०० साठी मीटरने १० सेकंद सांगितले तर साधारण २१ द्यायचे, एचपी५ साठी २० च्या जरा वर. एका सेकंदापर्यंत काही करायला नको.

उजाडल्यावर ही फिल्म अडचण होते. १६०० वर लख्ख उन्हात एफ/१६ ला सेकंदाचा सोळाशेवा भाग लागतो, आणि जुन्या कॅमेऱ्याचं शटर हजाराव्याला संपतं. लाल फिल्टर तीन स्टॉप खातो, पिवळा एक, त्यामुळे असा फिल्टर खिशात असू द्या. दुसरा कॅमेरा असेल तर त्यात एचपी५ ४०० वर लावून ठेवा आणि हा प्रश्नच मिटवा. एकाच रोलवर अर्ध्या फ्रेम १६०० आणि अर्ध्या ४०० असं करू नका, अख्खा रोल एकाच वेळेत एकाच टाकीत जाणार आहे.

घरी आल्यावर मार्चमधलं पाणी. हा खरं तर आपल्याकडचा सगळ्यात सोयीचा महिना: सकाळी टाकीतलं पाणी साधारण २२ ते २५ अंशांवर मिळतं. २० चा हट्ट सोडा आणि २४ हे आपलं कायमचं तापमान ठरवा. २४ ला वेळ सुमारे दोन तृतीयांश होते: डेल्टाची ९ मिनिटं सहावर येतात, एचपी५ ची ११ साडेसातवर, आयडी-११ मधली १४ साडेनऊवर. पाच मिनिटांच्या खाली कोणतीही वेळ जाऊ देऊ नका. ओतायला आणि रिकामी करायलाच वीसेक सेकंद जातात, एवढ्या थोड्या वेळात त्याचे डाग आकाशात दिसतात. म्हणूनच मे मध्ये ३० अंशांच्या पाण्यात डेल्टा डेव्हलप करणं म्हणजे रोल वाया घालवणं.

मे मध्ये बर्फ शोधू नका, माठ वापरा. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे झिरपणारा माठ पाणी २४-२६ अंशांपर्यंत सहज उतरवतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की तोच माठ काही करत नाही. माठातलं पाणी बादलीत घ्या आणि डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण), फिक्सर (उरलेली चांदी काढून प्रतिमा पक्की करणारं), धुण्याचं पाणी, सगळ्या बाटल्या आणि भरलेली टाकीही अर्धा तास त्यात बुडवून ठेवा. नुसता डेव्हलपर २४ वर आणि धुवायला नळाचं ३६ अंशांचं पाणी, ही चूक फार होते. फिल्मवरचं जिलेटिन फुगतं, सैल होतं, ग्रेन गोळा होतो, आणि बोट लागलं तरी ओरखडा उठतो. सगळी पाणी एकमेकांपासून फार तर पाच अंशांच्या आत ठेवा. थर्मामीटर प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातला काचेचा घ्या. घरातला ताप मोजायचा इथे निरुपयोगी, तो ३५ च्या खाली उतरतच नाही.

पाण्याचा दुसरा दोष जडपणा. बोअरचं पाणी भांड्यावर पांढरं सोडतं तसंच फिल्मवरही सोडतं. डेव्हलपर कालवायला आणि शेवटच्या बुडीला आरओच्या जारचं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरा. मधल्या धुण्याला बोअरचं चालतं.

आयडी-११ ची पावडर ४० अंशांच्या पाण्यात विरघळते, पुडी कधीही अर्धी वापरू नये. आतले घटक वाहतुकीत वेगळे बसतात, अर्ध्या पुडीत काय आलं याचा भरवसा नाही. गच्च भरलेल्या बाटलीत हा डेव्हलपर सहा महिने टिकतो, अर्ध्या रिकाम्या बाटलीत महिनाच. पाण्याच्या बाटल्या दाबून हवा काढता येते म्हणून सोयीच्या, पण त्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि फ्रिजमध्ये खाण्याच्या सामानाशेजारी ठेवू नका.

फिक्सरबद्दल एकच गोष्ट जास्त सांगायची. डेल्टा आणि टी-मॅक्सला जुन्या फिल्मपेक्षा जास्त फिक्सिंग लागतं, आणि त्या फिक्सर लवकर थकवतात. रोलच्या सुरुवातीची कापलेली जीभ फिक्सरमध्ये टाका, ती पूर्ण पारदर्शक व्हायला लागलेला वेळ मोजा. एचपी५ ला त्याच्या दुप्पट, डेल्टाला तिप्पट द्या. फिल्म धुतल्यावरही गुलाबी-जांभळी दिसली तर परत ताज्या फिक्सरमध्ये घाला. साध्या हायपोवर (सोडियम थायोसल्फेटच्या खड्यांचा फिक्सर) काम करायचं असेल तर लिटरला २५० ग्रॅम. विरघळताना तो पाणी चांगलंच गार करतो, तेव्हा तो परत २४ वर येईपर्यंत थांबा. मेटाबायसल्फाइट घालायचं ते हायपो पूर्ण विरघळल्यावर आणि पाणी गरम नसतानाच, नाहीतर गंधक सुटून पाणी दुधाळ होतं.

नळाला तीन-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात अर्धा तास वाहत्या पाण्याखाली धुवा असं सांगण्यात अर्थ नाही. हार्डनर (जिलेटिन कडक करणारं रसायन) नसलेला फिक्सर असेल तर टाकी भरून पाच वेळा उलटी करा, पाणी बदला. मग दहा वेळा, पाणी बदला. मग वीस वेळा. दोन लिटरच्या आत दोन रोल स्वच्छ होतात.

रीळ भरणं सूर्योदयाआधी करा. चेंजिंग बॅगमध्ये हात घामेजले की फिल्म प्लास्टिकच्या रिळावर अडकते, आणि जोर लावला की अर्धचंद्राकृती काळ्या खुणा पडतात. अडकली तर ओढू नका, फिल्म झाकणबंद टाकीत तशीच ठेवून हात बाहेर काढा, पुसा, दहा मिनिटांनी परत घ्या. रीळ पूर्ण कोरडं असलंच पाहिजे. वाळत घालायला न्हाणीघर बरं, आधी जमिनीवर पाणी मारून धूळ बसवा. कूलरच्या झोतात मुळीच नको. जवळपास जिनिंग असेल तर हंगामात हवेत सरकीचे तंतू असतात, ते ओल्या इमल्शनवर बसले की सुकल्यावर निघत नाहीत. तेव्हा दार-खिडकी लावूनच वाळवा.

होळीच्या आधी एक चाचणी करा. एचपी५ चा एक रोल १६०० वर लावून संध्याकाळी चुलीच्या किंवा शेकोटीच्या उजेडात एका माणसावर संपवा: तळहाताचं मोजमाप, त्यापेक्षा एक स्टॉप जास्त, दोन स्टॉप जास्त, अशा तीन-तीन फ्रेम पुन्हा पुन्हा. चेंजिंग बॅगमध्येच रोल मधोमध कापा, एक अर्धा आज २४ अंशांना मायक्रोफेनमध्ये साडेसात मिनिटं करा. सुकल्यावर निगेटिव्ह छापील कागदावर ठेवून बघा. कडेच्या आकड्यांच्या काळ्या भागातून खालची अक्षरं जेमतेम दिसत असतील आणि चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूलाही काहीतरी छटा असेल, तर वेळ बरोबर आहे. आकडे फिके वाटले तर रोलचा दुसरा अर्धा भाग एक मिनिट जास्त करा, आणि काठीला एचपी५ नेणार असाल तर तीच वेळ त्या रोलच्या डबीवर लिहून ठेवा.